कंपन्यांची नीति आणि शेतमालाचा भाव

मोठमोठ्या कंपन्या अलीकडे नुसता माल विकीत नाहींत. मालाबरोबर नीतीही विकतात, असें म्हणण्यासारखी स्थिति आहे. साबण विकणारी कंपनी नद्यांच्या शुद्धतेविषयीं बोलते, कापड विकणारी कंपनी जमिनीच्या आरोग्याची काळजी वाहते आणि शीतपेयें विकणारी कंपनी पाण्याच्या थेंबाथेंबाचा हिशेब देऊं करते. त्यांचे वार्षिक अहवाल पाहिले, तर पुढच्या पानांवर हंसऱ्या शेतकऱ्यांचीं चित्रें असतात आणि नफ्यातोट्याचे आंकडे मागें कोठें तरी सांपडतात. हा पालट मनापासून झालेला आहे, कीं नफ्यासाठीं व नांवलौकिकासाठीं केलेला आहे, असा प्रश्न विचारी माणसाच्या मनांत सहजच उभा राहतो.

हा प्रश्न शहरांतील गिऱ्हाइकाचा आहे, शेतकऱ्यास त्याचें काय, असें कोणी म्हणेल. आमचें मत उलट आहे. गिऱ्हाइकास या नीतीसाठीं फार तर दोन पैसे जास्त मोजावे लागतात. शेतकऱ्यास मात्र तिच्यासाठीं वह्या भराव्या लागतात, फवारणीचीं औषधें बदलावीं लागतात, मजुरांची नोंद ठेवावी लागते. आणि शेतावर आलेल्या तपासनीसानें नापसंतीचा शेरा मारला, तर विकत घेणारा निघून जातो व माल आपल्या अंगणांत पडून राहतो. सारांश, नीतीची जाहिरात कंपनीची आणि तिचा खर्च व धोका शेतकऱ्याचा, अशी वांटणी होण्याचा संभव असतो. म्हणून ही नीति किती पाण्यांत आहे, हें पाहणें आमच्या सभासदांचें काम आहे.

मनाचा ठाव घेणें कठीण. त्यांतून कंपनीस मन असतें कीं नाहीं, हाच वाद आहे. तेव्हां आम्ही तर्क करीत न बसतां एका पिकाचा इतिहास वाचकांपुढें ठेवतों. तें पीक म्हणजे कोको. चॉकलेट ज्यापासून होतें, त्या कोकोचा व्यापार आज शंभरांहून अधिक वर्षें नीतीच्या कसोटीवर घासला जात आहे. आणि त्यांत एका बाजूस नांवाजलेल्या कंपन्या व दुसऱ्या बाजूस आमच्यासारखेच लहान जमीनधारक शेतकरी आहेत.

इंग्लंडांतील बर्मिंगहॅमच्या कॅडबरी घराण्याचें नांव वाचकांस ठाऊक आहेच. हें कुटुंब क्वेकर पंथाचें. युद्ध, मद्य व गुलामगिरी यांस या पंथाचा कट्टर विरोध. कॅडबरी बंधूंनीं इ. स. १८७९ सालीं शहराच्या धुरापासून दूर बोर्नव्हिल येथें कारखाना नेला. पुढें जॉर्ज कॅडबरी यांनीं त्याच्या भोंवतीं बागा व हवेशीर घरें असलेलें गांव वसविलें, आणि १९०० सालीं तें एका विश्वस्त मंडळाच्या स्वाधीन केलें. कामगारांच्या सुखसोयींविषयीं त्यांची कळकळ दिखाऊ होती, असें त्यांचे शत्रूही म्हणत नसत. तरी पण या भल्या माणसांच्या कारखान्यांत येणारा निम्म्याच्या जवळपास कोको त्या काळीं पोर्तुगीजांच्या ताब्यांतील साओ टोमे बेटांतून येत असे.

या बेटांवर कायद्यानें गुलामगिरी नव्हती. अंगोलांतून माणसें पांच वर्षांच्या कराराचे मजूर म्हणून आणलीं जात. कागद रीतसर, सही-शिक्का रीतसर. फक्त करार संपल्यावर परत गेलेला मनुष्य पाहावयास मिळत नसे. १९०१ सालीं विल्यम कॅडबरी यांच्या कानावर ही वार्ता आली. आणि त्याच सुमारास तेथील एका मळ्याच्या विक्रीच्या यादींत गुराढोरांबरोबर मजुरांचीही किंमत लावलेली त्यांच्या पाहण्यांत आली. यावर कंपनीनें काय केलें? १९०३ सालीं विल्यम कॅडबरी लिस्बनला जाऊन आले. १९०५ सालीं कंपनीनें इतर कारखानदारांच्या साह्यानें जोसेफ बर्ट नांवाच्या गृहस्थास चौकशीसाठीं पाठविलें. त्यास बेटें व अंगोला पाहून परत येण्यास १९०७ साल उजाडलें. मध्यंतरीं १९०६ सालीं हेन्री नेव्हिन्सन या पत्रकारानें स्वतः पाहिलेली हकीकत पुस्तकरूपानें छापून टाकली होती. बर्ट यांनींही तीच गोष्ट खरी ठरविली. तरी खरेदी चालूच होती. शेवटीं १९०९ सालच्या मार्चमध्यें कॅडबरी, फ्राय व राउंट्री या कारखानदारांनीं साओ टोमेचा कोको घेणें बंद केलें.

कानावर वार्ता पडल्यापासून खरेदी थांबेपर्यंत आठ वर्षें गेलीं. १९०८ सालच्या सप्टेंबरमध्यें लंडनच्या 'स्टँडर्ड' पत्रानें यावर बोट ठेविलें. बोर्नव्हिलच्या कामगारांसाठीं जिवाचें रान करणारे हे धर्मशील लोक आफ्रिकन मजुरांच्या बाबतींत डोळे मिटून बसले आहेत, अशी त्याची टीका होती. तिला धार येण्यास आणखी एक कारण होतें. जॉर्ज कॅडबरी यांच्या मालकीचें 'डेली न्यूज' हें पत्र दक्षिण आफ्रिकेंतील चिनी मजुरांच्या हालांविषयीं सरकारवर कोरडे ओढीत असे. कंपनीनें अब्रुनुकसानीची फिर्याद केली. १९०९ सालच्या अखेरीस बर्मिंगहॅम येथें खटला चालला. ज्यूरीनें कंपनीच्या बाजूनें निकाल दिला खरा, पण भरपाई ठरविली एक फार्दिंग, म्हणजे त्या वेळच्या इंग्रजी चलनांतील सर्वांत लहान नाणें. कंपनीची अब्रू गेली हें ज्यूरीस मान्य होतें; परंतु तिची किंमत त्यांनीं एवढीच धरली.

आतां येथें न्यायबुद्धीनें बोलावयाचें, तर दोन्ही पक्षांचें ऐकलें पाहिजे. आपण गिऱ्हाईक राहिलों तरच पोर्तुगीज सरकार आपलें ऐकेल, एकदां खरेदी सोडली कीं आपल्या शब्दास वजन राहणार नाहीं, असें कंपनीचें म्हणणें होतें. इंग्लंडच्या परराष्ट्र खात्यानेंही सबुरीचा सल्ला दिला होता. चौकशीवर कंपनीनें पदरचा पैसा खर्च केला, आणि शेवटीं खरेदी सोडली. हेंही खोटें नाहीं. या लोकांस विवेक नव्हता, असें आम्हीं कधींही म्हणणार नाहीं. परंतु तो विवेक कोणत्या वेळीं कृतींत उतरला, हें पाहण्यासारखें आहे. गोल्ड कोस्ट म्हणजे आजचा घाना. तेथील लहान शेतकऱ्यांनीं या अवधींत कोकोची लागवड झपाट्यानें वाढविली होती आणि १९११ च्या सुमारास तो देश जगांत पहिल्या क्रमांकाचा उत्पादक झाला. दुसरा माल दृष्टिपथांत आला आणि वर्तमानपत्रांत बोभाटा झाला, तेव्हां विवेकाचा पाय उचलला. विवेक होता, पण तो नफा व नांवलौकिक यांचा हात धरून चालला. एकटा चालला असता, तर आठ वर्षें लागलीं नसतीं.

याच गोष्टीची दुसरी बाजू अधिक बोधप्रद आहे आणि ती सहसा कोणी सांगत नाहीं. गोल्ड कोस्टांतील कोको गुलामांचा नव्हता. स्वतःच्या जमिनींत स्वतः राबणाऱ्या शेतकऱ्यांचा होता. तेव्हां तेथें नीतीचा प्रश्न सुटला, असें कंपन्यांस वाटलें असेल. पुढें १९३७ सालीं, तेथील बहुतेक सर्व निर्यात ज्यांच्या हातीं होती, त्या युरोपीय कंपन्यांनीं आपसांत करार केला. कोणीं किती माल घ्यावयाचा व काय भावानें घ्यावयाचा, हें त्यांनीं ठरवून टाकलें, म्हणजे खरेदीदारांत चढाओढ म्हणून उरूं नये. या करारांत युनायटेड आफ्रिका कंपनी प्रमुख होती. आणि कॅडबरी व फ्राय यांची खरेदी-शाखाही त्यांत सामील होती. गुलामांच्या कोकोस शिवणार नाहीं म्हणणारे व्यापारी स्वतंत्र शेतकऱ्याचा भाव बांधून घालण्यास मात्र कचरले नाहींत!

त्या शेतकऱ्यांनीं काय केलें, तें आमच्या सभासदांनीं मुद्दाम ध्यानांत घ्यावें. त्यांनीं माल विकण्याचें थांबविलें. १९३७ च्या अखेरीपासून १९३८ च्या एप्रिलपर्यंत कोकोचीं पोतीं घरांत पडून राहिलीं आणि युरोपीय माल घेण्यावरही बहिष्कार पडला. त्यांचे प्रमुख व दलालही पुष्कळसे त्यांच्या बाजूस राहिले. अखेर इंग्रज सरकारास चौकशी-मंडळ नेमावें लागलें, करार स्थगित झाला, आणि विल्यम नॉवेल यांच्या अध्यक्षतेखालील त्या मंडळानें करार मागें घ्यावा अशी शिफारस केली. येथें कोणा कंपनीचें हृदय द्रवलें नव्हतें. शेतकऱ्यांनीं एकजुटीनें माल धरून ठेवला होता.

या दोन प्रसंगांवरून एक सूत्र निघतें. कंपनीची नीति बहुधा अशा ठिकाणीं आधीं पोंचते, जेथें तिला खर्च कमी आणि कीर्ति जास्त. आणि अशा ठिकाणीं सर्वांत शेवटीं पोंचते, जेथें तिच्यामुळें खरेदीचा भाव वाढावयाचा असतो. हें सूत्र जुन्या काळापुरतें खरें, आतां काळ बदलला, असें कोणी म्हणूं नये म्हणून अलीकडची हकीकतही देतों.

२००१ सालीं पश्चिम आफ्रिकेंतील कोकोच्या शेतांवर लहान मुलें राबविलीं जातात, अशी ओरड अमेरिकेंत झाली. तेथील कायदेमंडळाच्या खालच्या सभागृहानें चॉकलेटवर 'गुलामगिरीमुक्त' अशी खूण करण्याची योजना मंजूर केली. तशी खूण कायद्यानें सक्तीची झाली असती, तर पुष्कळांची पंचाईत होती. कारखानदारांनीं खटपट केली, आणि कायद्याऐवजीं स्वेच्छेचा एक करारनामा पुढें आला. सिनेटर हार्किन व प्रतिनिधि एंगल यांच्या नांवानें तो ओळखला जातो. बालमजुरीचे अत्यंत वाईट प्रकार २००५ पर्यंत नाहींसे करूं, असें त्यांत वचन होतें. तें २००८ वर गेलें, मग २०१० वर गेलें. आणि २०१० सालीं, नाहींसे करण्याऐवजीं २०२० पर्यंत शेंकडा ७० नीं कमी करूं, असें नवें वचन आलें. २०२० सालीं शिकागो विद्यापीठांतील संशोधन-संस्थेचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणें २०१८-१९ च्या हंगामांत आयव्हरी कोस्ट व घाना या दोन देशांत मिळून सुमारें १५ लक्ष ६० हजार मुलें कोकोच्या कामांत बालमजूर होतीं. वचनाची मुदत हुकली म्हणून कोणास दंड झाला नाहीं, कारण स्वेच्छेच्या वचनास दंड नसतो.

मुलें कां राबतात, याचें उत्तर कोणताही शेतकरी देईल. हातीं येणाऱ्या भावांत मोठ्या माणसाची मजुरी निघत नाहीं, म्हणून घरचीं पोरें कामास जुंपलीं जातात. म्हणजे रोगाचें मूळ भावांत आहे. कंपन्यांनीं शाळा बांधल्या, विहिरी खोदल्या, शिकवणीचे वर्ग घेतले. यांतील पुष्कळ काम चांगलें आहे. २००९ सालीं इंग्लंडांतील कॅडबरीच्या डेअरी मिल्कवर 'फेअरट्रेड' ही खूण आली. या योजनेंत शेतकऱ्यास किमान भावाची हमी व त्यावर अधिक रक्कम असे. २०१० सालीं ती कंपनी अमेरिकेंतील क्राफ्ट कंपनीनें विकत घेतली. आणि २०१६ सालीं त्या बाहेरच्या खुणेच्या जागीं कंपनीची स्वतःची 'कोको लाइफ' ही योजना येणार, असें जाहीर झालें. या योजनेवरही मोठ्या रकमा खर्च होतात आणि तिच्यापासून शेतकऱ्यांचा कांहीं फायदा होत नाहीं, असें आमचें म्हणणें नाहीं. आमचा मुद्दा एवढाच कीं, परीक्षक बाहेरचा असतो तेव्हां कसोटी त्याच्या हातीं असते. योजना घरची झाली, कीं परीक्षार्थी व परीक्षक एकाच घरांत राहूं लागतात.

२०१९ सालीं घाना व आयव्हरी कोस्ट या दोन सरकारांनीं मिळून प्रत्येक टनामागें ४०० डॉलरांचा एक अधिभार लावला. शेतकऱ्यास पोटापुरतें उत्पन्न मिळावें, हा त्याचा हेतु. कंपन्यांनीं त्याचें तोंडभर स्वागत केलें. परंतु २०२० च्या नोव्हेंबरांत या सरकारांनीं हर्शी या अमेरिकन कंपनीवर असा आरोप केला कीं, तिनें न्यूयॉर्कच्या वायदेबाजारांतून मोठा माल उचलून हा अधिभार चुकविला. मग त्यांनीं त्या कंपनीच्या शाश्वत शेतीच्या ज्या योजना त्यांच्या देशांत चालत, त्या सर्व स्थगित केल्या. म्हणजे, आमच्या शेतकऱ्यांच्या नांवानें जाहिरात करावयाची असेल, तर आधीं आमचा भाव द्या, असें त्यांनीं बजावलें. थोड्याच दिवसांत समेट झाला व कंपनीनें अधिभारास आपला पाठिंबा असल्याचें पुन्हां सांगितलें. पुढें खरेदीदारांनीं मालामागें मिळणारी दुसरी एक रक्कम घटवून या अधिभाराचा फायदा मारला, अशीही तक्रार झाली. तेव्हां झगडा संपला असें नाहीं. पण एक गोष्ट सिद्ध झाली. नांवलौकिक हें कंपनीचें भांडवल आहे. आणि जें भांडवल आहे, त्याच्या जोरावर तिच्याशीं सौदाही करतां येतो.

हें सर्व परदेशांतील झालें. आपल्याकडे काय स्थिति आहे? आपल्या देशांत तर कंपन्यांचा दानधर्म कायद्यानेंच ठरविलेला आहे. कंपनी कायदा, २०१३ याच्या १३५ व्या कलमाप्रमाणें, ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा नफा ५ कोटी रुपयांच्या वर असेल, तिनें मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या शेंकडा २ इतकी रक्कम समाजकार्यावर खर्च करावी असा नियम आहे. १ एप्रिल २०१४ पासून तो अमलांत आला. यामुळें गांवोगांव शाळांस खोल्या मिळाल्या, पाणलोटाचीं कामें झालीं. त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहों. मात्र वाचकांनीं एक बारकावा पाहावा. कंपनीच्या नेहमींच्या धंद्यांतील व्यवहार या समाजकार्यांत धरला जात नाहीं. म्हणजे शेतकऱ्याचा माल काय भावानें घेतला, वजन नीट केलें कीं नाहीं, पैसे वेळेवर दिले कीं नाहीं, हें या हिशेबाच्या बाहेर. एखाद्या खरेदीदारानें मालाचे पैसे चार महिने अडकवून ठेविले आणि त्याच गांवांत शाळेस रंग लावून दिला, तरी त्याच्या अहवालांत फक्त रंगच दिसावयाचा.

याच्या उलट ऊस उत्पादकाकडे पाहा. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ याप्रमाणें ऊस पोंचल्यापासून १४ दिवसांत रास्त किंमत दिली पाहिजे आणि उशीर झाला तर व्याज द्यावें लागतें. कारखाने हा नियम पुष्कळदां मोडतात, हें खरें. तरी तो मोडला म्हणून शेतकऱ्यास दाद मागतां येते. कोणाच्या औदार्यावर अवलंबून असलेल्या गोष्टीबद्दल दाद मागतां येत नाहीं. हक्क आणि उपकार यांत हें अंतर आहे.

२०१९ सालचें गुजरातेंतील उदाहरण ताजेंच आहे. पेप्सिको कंपनीनें, आपल्या नोंदलेल्या जातीचा बटाटा परवानगीवांचून लावला म्हणून साबरकांठा जिल्ह्यांतील चार शेतकऱ्यांवर प्रत्येकीं एक कोटीहून अधिक रुपयांच्या भरपाईचे दावे लावले. पीक-वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ यानें शेतकऱ्यास बीं राखण्याचा व पेरण्याचा हक्क दिलेला आहे, असें शेतकरी संघटनांचें म्हणणें. देशभर गवगवा झाला, मालावर बहिष्काराची भाषा निघाली, आणि मे महिन्यांत कंपनीनें दावे मागें घेतले. त्या वाणाच्या नोंदणीचा वाद मात्र पुढेंही कित्येक वर्षें चालला. दावे कायद्याचा अर्थ नव्यानें उमगला म्हणून मागें घेतले गेले, कीं नांवास बट्टा लागतो म्हणून, याचा निर्णय वाचकांनींच करावा.

कोकोच्याच संबंधांत आपल्या शेजारचें एक उदाहरण आशादायक आहे. केरळ व दक्षिण कर्नाटकांतील बागायतदारांनीं सुपारी-नारळाच्या सावलींत कोको लावला. १९८० च्या सुमारास भाव कोसळले व खासगी खरेदीदारांनीं हात आखडता घेतला. तेव्हां १९७३ सालीं मंगळूर येथें स्थापन झालेली 'कॅम्पको' ही सुपारी उत्पादकांची सहकारी संस्था पुढें आली. तिनें कोको विकत घेण्यास आरंभ केला, आणि १९८६ सालीं पुत्तूर येथें स्वतःचा चॉकलेटचा कारखाना काढला. तिच्या जाहिरातींत नीतीचीं व्याख्यानें असोत वा नसोत. अडचणीच्या वेळीं तिचा वजनकाटा चालू राहिला, हीच तिची नीति.

येथपर्यंत दुसऱ्यांकडे बोट दाखविलें. आतां आपल्या घराकडेही पाहिलें पाहिजे. २०२४ सालच्या मार्चमध्यें अमेरिकेंतील 'न्यूयॉर्क टाइम्स' या पत्रानें महाराष्ट्रांतील ऊसतोडीसंबंधीं विस्तृत हकीकत छापली. उचलीच्या कर्जांत अडकलेलीं जोडपीं, बालविवाह, आणि कामांत खाडा पडूं नये म्हणून गर्भाशय काढून घेतलेल्या स्त्रिया, हें सर्व तींत होतें. आणि ही साखर जगप्रसिद्ध शीतपेयांच्या कंपन्यांकडे जाते, हेंही होतें. आपणांस यांत नवें कांहीं नव्हतें. बीड जिल्ह्यांत २०१९ सालीं सरकारी पाहणी झाली, तेव्हां सुमारें ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकीं १३ हजारांहून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झाल्याचें आढळलें होतें. कंपनी म्हणते, मजूर कारखान्याचे. कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. बागायतदार म्हणतो, तोडणी कारखान्याची. साओ टोमेच्या मळेवाल्यांचे कागदही असेच रीतसर होते. कंपन्यांच्या नीतीस ढोंग म्हणण्याचा अधिकार पाहिजे असेल, तर आपल्या फडांतील कोयत्यावरच्या माणसास पाणी, सावली, दवाखाना व चोख हिशेब मिळाला पाहिजे. कारखान्यांच्या संचालक मंडळांवर आमचेच लोक बसतात. सर्वसाधारण सभेंत हा प्रश्न विचारण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं.

यांत व्यवहारही आहे. परदेशांत बोभाटा झाला म्हणजे कंपनीपुढें दोन वाटा असतात. त्या मुलखांतील खरेदी बंद करून नामानिराळें व्हावयाचें, ही सोपी वाट. तेथेंच राहून पैसा घालून सुधारणा करावयाची, ही अवघड. सोप्या वाटेनें कंपनीचें नांव धुतलें जातें, पण मजूर होता तेथेंच राहतो व शेतकऱ्याचें गिऱ्हाईक मात्र जातें. ही वेळ येण्याच्या आधींच आपण आपलें घर नीट करणें, हें धर्माचेंही आहे व फायद्याचेंही.

आतां एक आक्षेप राहतो. हेतु कोणताही असो, काम चांगलें होत असेल तर हेतूची चिकित्सा कशाला, असें पुष्कळ समंजस लोक म्हणतात. विहीर पुण्यासाठीं खोदली काय आणि नांवासाठीं खोदली काय, पाणी तेंच लागतें. हें आम्हांस बऱ्याच अंशीं मान्य आहे. व्यापाऱ्यानें नफा पाहूं नये, असें आम्ही म्हणत नाहीं. शेतकरीही नफा पाहतोच. परंतु हेतु कळला, तर विहिरीची दुरुस्ती पुढें कोण करणार, हें कळतें. नफ्यासाठीं धरलेली नीति नफा आटला कीं आटते; नांवासाठीं धरलेली नीति लोकांचें लक्ष उडालें कीं उडते. म्हणून अशा नीतीवर विसंबून बागेची आंखणी करूं नये, आणि ती आहे तोंवर तिचा उपयोग करून घेण्यास चुकूं नये, असें आमचें सांगणें आहे.

तो उपयोग कसा करावा? कोणत्याही कंपनीची योजना गांवांत आली म्हणजे सभासदांनीं पांच प्रश्न विचारावे. पहिला, या योजनेनें मालाचा भाव किती वाढणार, आणि तो आंकडा करारांत लिहिला आहे काय? कापसाच्या 'बेटर कॉटन' या योजनेसारख्या कांहीं योजना उभारतांना भर शिकवणीवर व खर्च कमी करण्यावर ठेवलेला होता. ठराविक वाढीव भावाचें वचन नव्हतें. शिकवण घ्यावी, पण ती भाव नव्हे, हें ओळखून घ्यावी. दुसरा, तपासणीचा व वह्यांचा खर्च कोण देणार? तिसरा, तपासनीस कोणाचा पगार घेतो? चौथा, माल नापास ठरला तर फेरतपासणी कोठें, व तोंवर माल कोण सांभाळणार? पांचवा, कंपनीनें योजना सोडली तर आधीं किती मुदतीची सूचना मिळणार? ज्या कंपनीची नीति खरी आहे, ती या प्रश्नांनीं रागावणार नाहीं. जी रागावेल, तिची परीक्षा तेथेंच झाली.

हे प्रश्न एकट्यादुकट्यानें विचारून भागणार नाहीं. एकटा शेतकरी विचारतो तेव्हां खरेदीदार शेजारच्या शेताकडे वळतो. गांवची सोसायटी, खरेदी-विक्री संघ किंवा शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी यांच्यामार्फत करार करावा, भरलेल्या वह्यांची एक प्रत संस्थेच्या कपाटांत ठेवावी, आणि शेतकऱ्याचें चित्र व गांवचें नांव जाहिरातींत वापरावयाचें झाल्यास संस्थेची लेखी संमति लागेल, असें कलम घालावें. आपलें नांव कंपनीस पाहिजे आहे, याचा अर्थ त्यास मोल आहे. ज्यास मोल आहे, तें फुकट कां द्यावें?

कंपन्यांच्या नीतीमागें नफा व लौकिक असतो काय, या प्रश्नास आमचें उत्तर, बहुधा असतो, असें आहे. क्वचित् त्यांच्या जोडीस खरी कळकळही असते, आणि ती असेल तेथें तिचा मान ठेवावा. पण गोल्ड कोस्टच्या शेतकऱ्यानें कळकळीची वाट पाहिली नाहीं. त्यानें पोतीं शिवून घरांत ठेविलीं. कंपनीचा अहवाल तिच्या कचेरींत लिहिला जातो. आपला अहवाल वजनकाट्यावर, पावतीवर आणि फडावरच्या मजुराच्या हिशेबाच्या वहींत लिहिला जातो. येत्या हंगामाच्या आधीं आमच्या प्रत्येक शाखेनें आपल्या सभेपुढें वरील पांच प्रश्न व ऊसतोडीच्या सोयींचा ठराव, हीं दोन्ही कामें ठेवावीं, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.